विश्लेषण : गायिकाच निर्माती झाली तर अल्बममध्ये काय बदलते?

अमेरिकी इंडी रॉक गायिका-गीतकार सेंट व्हिन्सेंट, अर्थात ॲनी क्लार्क हिने ‘ऑल बॉर्न स्क्रीमिंग’ (एप्रिल २०२४) या अल्बमची निर्मिती स्वतःच केली. या निर्णयाचा अर्थ काय?

निर्माता काय करतो?

संगीतात निर्माता म्हणजे केवळ पैसे घालणारा नव्हे. कोणते ध्वनिमुद्रण ठेवायचे, कोणते वाद्य वगळायचे, गाणे कुठे थांबवायचे, हे त्याच्या सल्ल्याने ठरते. क्लार्कच्या २०१७ आणि २०२१ मधील अल्बमच्या निर्मितीत जॅक अँटोनॉफ तिच्यासोबत होता.

जोखीम कोणती?

स्वतःच निर्माती झाल्यास मनातला आवाज हवा तसा घडवता येतो. पण ‘आता पुरे’ म्हणणारा त्रयस्थ कान उरत नाही.

मग सगळे एकटीनेच केले?

नाही. ‘ब्रोकन मॅन’ आणि ‘फ्ली’ या गाण्यांत डेव्ह ग्रोलने ड्रम वाजवले, तर शीर्षकगीतात केट ल बॉनची साथ आहे. अंतिम निर्णय मात्र क्लार्कचा.

फलित काय?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोत्कृष्ट अल्टरनेटिव्ह अल्बमसह तीन ग्रॅमी. अर्थात, पुरस्कार हुकले असते तर दोष द्यायलाही दुसरे कुणी नव्हते. स्वनिर्मितीची खरी किंमत हीच!