धक्क्याने सुरू न होणारी गाडी

भामरागडात बंद पडलेली गाडी सहसा फार वेळ बंद राहत नाही. टपरीवरचे चार जण चहाचा पेला ठेवून उठतात, कुणीतरी 'सेकंड टाक, सेकंड' म्हणून ओरडतो आणि गाडी खोकत का होईना, धक्क्यावर चालू होते. नाहीच झाली, तर ट्रॅक्टर किंवा जीप बघायची, दोर बांधायचा आणि 60-65 किलोमीटरवरच्या आलापल्लीपर्यंत टोचन करायचं. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावतीच्या संगमावरच्या या गावाला जुन्या जीपगाड्यांनी दिलेलं हे शिक्षण आहे. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीपुढे यातला पहिला उपाय निरुपयोगी ठरतो आणि दुसरा चक्क घातक.

अशा गाड्या आता या रस्त्याला येऊ लागल्या आहेत. बदलीवर आलेला अधिकारी, 1973 साली सुरू झालेला हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प पाहायला निघालेलं पुण्या-मुंबईचं कुटुंब, शहरात नोकरी करणारा आणि सणाला घरी येणारा मुलगा, कुणाचीही गाडी असू शकते. 'जंगलात ऑटो गाडी चालत नाही, नाजूक असते', असा सल्ला त्यांना मिळतो. तो अर्धाच खरा आहे, आणि याचा पुरावा शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातच आहे.

वेस्टर्न कोलफिल्ड्स ही 1975 साली स्थापन झालेली, नागपूरला मुख्यालय असलेली सरकारी कोळसा कंपनी. तिच्या चंद्रपूरकडच्या खुल्या खाणींत साठ टनी, शंभर टनी डंपर चालतात. या डंपरांना क्लचचं पेडलच नसतं. माती-दगड भरून, चढणीच्या कच्च्या रस्त्यावर, विदर्भाच्या मे महिन्यात ते पाळी-पाळीने धावतात, आणि गिअर आपोआप पडतात. इतकं वजन हातगिअरवर दिवसभर ओढायचं म्हटलं, तर क्लचप्लेट आणि ड्रायव्हरचा गुडघा यांत आधी कोण जाईल, हाच प्रश्न उरला असता. म्हणजे तंत्र नाजूक नाही. फरक आहे तो सेवेत. खाणीतल्या यंत्राचं तेल किलोमीटरवर नव्हे, चाललेल्या तासांवर बदललं जातं. तेलाचा नमुना काढून त्यात लोखंड-तांब्याचे कण किती आले, हे तपासण्याची पद्धत या अवजड यंत्रांच्या दुनियेत रुळलेली आहे. आपल्या घरच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तेल असतं, हेच निम्म्या मालकांना माहीत नसतं.

त्या तेलाचं काम नीट कळलं, की बाकीचं सोपं होतं. दोन पंखे समोरासमोर ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये हवेच्या जागी तेल असतं. एक पंखा इंजिनला जोडलेला, दुसरा गिअरबॉक्सला, आणि मध्ये स्टेटर नावाचं तिसरं चाक. ते परतणाऱ्या तेलाला अशी दिशा देतं, की गाडी जागेवरून हलताना इंजिनचा जोर जवळपास दुप्पट होऊन पुढे जातो. ही कल्पना हेर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याची. 1905 सालचं त्याचं पेटंट मोटारीसाठी नव्हतं, जहाजांसाठी होतं. मोटारीत पूर्ण ऑटोमॅटिक गिअर आणला तो जनरल मोटर्सने. 1939 साली, पुढच्या वर्षीच्या ओल्डस्मोबिल गाडीत, 'हायड्रा-मॅटिक' नावाने. त्यात जोर वाढवणारा कन्व्हर्टर अजून नव्हता, साधं तेलाचं कपलिंग होतं. तरी दुसऱ्या महायुद्धात तोच गिअरबॉक्स अमेरिकेच्या हलक्या रणगाड्यांत बसवला गेला. नाजूकपणाचा आरोप करणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

कन्व्हर्टरच्या मागे ग्रहमालेसारखे रचलेले गिअर असतात. मधला दातेरी सूर्य, भोवती फिरणारे ग्रह आणि बाहेरचं कडं. यातलं कोणतं चाक धरून ठेवायचं आणि कोणतं सोडायचं, यावर गिअर ठरतो. धरण्या-सोडण्याचं काम क्लचप्लेटांच्या चवडी करतात आणि त्यांना दाबतं तेलच. एकच तेल जोर वाहतं, प्लेटा दाबतं, वंगण देतं आणि उष्णता बाहेर नेतं. खड्ड्यांतून रांगत जाताना, चिखलात रुतून पुढे-मागे करताना कन्व्हर्टरमधलं तेल नुसतं घुसळतं आणि तापतं. तापलेलं तेल लवकर मरतं. म्हणून रुतलेली गाडी डी आणि आर यांत आलटून-पालटून, अॅक्सिलरेटर दाबत हलवणं दोन-चार प्रयत्नांपुरतं ठीक. पुढे मुकाट्याने उतरून चाकाखाली दगड-फांद्या घालाव्यात.

पण 'ऑटो' म्हणून विकली जाणारी प्रत्येक गाडी या जातीची नसते, आणि घोटाळा इथेच होतो. 2014 साली मारुतीने सेलेरिओमध्ये स्वस्तातली ऑटोमॅटिक आणली, ती एएमटी. तिच्यात नेहमीचाच हातगिअरचा डबा आणि नेहमीचीच कोरडी क्लचप्लेट असते. पाय आणि हात मात्र यंत्राचे. तिला चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर तोलून धरलं, की क्लचप्लेट जळते. सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्ली-आष्टी रस्त्यावर रांगेने चालतात, त्यांच्यामागे फूट-फूट सरकणाऱ्या एएमटीचं आयुष्य असंच खर्ची पडतं. पुढचं वाहन थोडं लांब जाऊ द्यावं आणि मग एकदम निघावं. दुहेरी क्लचच्या डीसीटीचं, विशेषतः कोरड्या क्लचच्या, दुखणंही हेच. तिसरी जात सीव्हीटी. दोन पुली आणि त्यांवरचा पट्टा.

सीव्हीटी म्हटलं की परदेशी काही वाटतं, पण ती आपल्या अंगणात कधीची आहे. पुण्याच्या कायनेटिकने 1972 साली आणलेल्या लुनाला गिअरच नव्हते. वेग वाढला की आपोआप धरणारा क्लच तेवढा होता. 1984 साली होंडाशी भागीदारी करून आलेल्या कायनेटिक होंडात पट्टा-पुलीचा खरा सीव्हीटी होता. आज शिक्षिका, नर्सताई जी बिनगिअरची स्कूटर चालवतात, तिच्या डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखाली हेच यंत्र असतं. ही स्कूटर पाण्यातून गेली की कधी इंजिन किंचाळतं आणि गाडी जागची हलत नाही. पट्टा ओला होऊन घसरत असतो. थांबून सुकू द्यावा. साधारण 24 हजार किलोमीटरला पट्टा बदलावा आणि मागच्या चाकाजवळच्या छोट्या डब्यातलं वेगळं तेल विसरू नये. ते जेमतेम सव्वाशे मिलिलिटर असतं आणि बहुतेक गाड्यांत वर्षानुवर्षं तेच असतं.

आता भामरागडचा खरा शत्रू, पाणी. पावसाळ्यात पर्लकोटेच्या जुन्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेलं, की गाव तुटायचं. 2019 साली तर पूर पुन्हा पुन्हा आला. मुख्य रस्ता सोडून लाहेरीकडे, आतल्या गावांकडे गेलं, तर नाले आणि रपटे आहेतच. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये, हे सांगायला लेख नको. पण ओसरत आलेल्या, गुडघाभर पाण्यातून सगळेच जातात. गिअरबॉक्सला हवा खेळण्यासाठी एक बारीक नळी असते, ब्रीदर म्हणतात तिला. तासभर चालून तापलेला गिअरबॉक्स थंड पाण्यात बुडला, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरचं तोंड पाण्यात असेल तर पाणी आत ओढलं जातं. गाडी पलीकडे छान पोहोचते. मालक खूश. दुखणं पंधरा दिवसांनी, महिन्याने वर येतं. ऑटोमॅटिकमधल्या प्लेटांचं अस्तर कागदी जातीचं असतं, चिकटवलेलं. पाण्याने ते सुटतं, त्याचे तुकडे व्हॉल्व्हच्या बारीक वाटांत अडकतात, मग गिअर झटके देऊ लागतात.

म्हणून पाण्यातून गेल्यावर तेल पाहणं ही या भागातली पहिली सवय हवी. तेलाची पट्टी असेल, तर पांढऱ्या कागदावर थेंब टाकावा. लालसर आणि पारदर्शक असेल तर निर्धास्त. तपकिरी झालं तर बदलायची वेळ आली. काळं आणि करपल्या वासाचं असेल, तर प्लेटा जळल्या आहेत. गुलाबी दुधासारखं दिसलं, तर पाणी शिरलंय. मग गाडी चालूही करू नये. पुष्कळ नव्या गाड्यांत पट्टीच नसते. तिथे गाडी लिफ्टवर घेऊन, ठरावीक तापमानाला बोल्ट उघडून पातळी पाहावी लागते. ते रस्त्यावरचं काम नव्हे.

टोचन घातक ठरण्याचं कारणही तेलातच आहे. गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद ठेवून चाकं फिरवली, की आतले गिअर कोरडेच घासत राहतात. ज्या फोर-बाय-फोरच्या ट्रान्सफर केसला स्वतंत्र न्यूट्रल आहे, तिची गोष्ट वेगळी. बाकीच्यांनी चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेडच मागवावा. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणंही सोडावं. त्यात काहीच वाचत नाही, इंजिनचा ब्रेक मात्र जातो. बॅटरी उतरली, तर धक्का न देता दुसऱ्या गाडीवरून जंपर केबलने चालू करावी. बॅटरी मेल्यावर लिव्हर पीमध्येच अडकतो. पुष्कळ गाड्यांत त्याच्या शेजारी नखाएवढं झाकण असतं, त्याखालचं बटण दाबलं की तो सुटतो.

'हे तेल आयुष्यभर बदलायला नको', असं कुणी सांगितलं, तर कुणाच्या आयुष्यभर, हे विचारावं. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनीच आपल्या ऑटोमॅटिकसाठी 80 हजार ते 1 लाख 20 हजार किलोमीटरचा सल्ला देते. आपल्या धुळीत आणि उन्हात मी 60 हजारांच्या पुढे जाणार नाही. खालचा बोल्ट उघडून निम्मंच तेल निघतं, उरलेलं कन्व्हर्टरमध्ये राहतं, हेही ठाऊक असावं. आणि तेल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या जातीचंच. 'सगळं लालच असतं' म्हणणाऱ्याच्या दारातून गाडी परत काढावी.

सुटे भाग हा वेगळाच विषय आहे. महिंद्राने 2008 साली स्कॉर्पिओत सहा गिअरांची ऑटोमॅटिक दिली, तो डबा ऑस्ट्रेलियाच्या डीएसआय कंपनीचा होता. पुढच्याच वर्षी ती कंपनी दिवाळखोरीत गेली आणि चीनच्या जिलीने विकत घेतली. डब्याचा कारखाना कुठे आहे, हे गाडी घेताना कुणी विचारत नाही. दुरुस्तीच्या वेळी मात्र तेच आधी विचारावं लागतं.

माझं मत विचाराल, तर ज्याचं पोट प्रवासी जीपवर आहे आणि ज्याची गाडी गावातच दुरुस्त व्हायला हवी, त्याने आजही हातगिअरच ठेवावा. नोकरीसाठी, घरासाठी घेणाऱ्याने टॉर्क कन्व्हर्टर बिनधास्त घ्यावा. डीसीटी या भागात नको. एएमटी चालेल, पण क्लचप्लेटचा खर्च मनाशी धरून. घेतलेली गाडी मे महिना संपायच्या आत चंद्रपूर-नागपूरला नेऊन गिअरबॉक्सचं तेल पाहून घ्या, ब्रीदरची नळी वर बॉनेटच्या उंचीपर्यंत नेता येते का ते विचारा, आणि गाडीत जंपर केबल व कागदावर लिहिलेला फ्लॅटबेडवाल्याचा नंबर ठेवा. आलापल्ली सोडली की मोबाईलला रेंज असेलच असं नाही.