किलोमीटर नव्हे, गाड्या मोजा

मुंबईत नोकरी आणि उपनगरापलीकडे पहिलं घर, असा बेत करताना बहुतेक जण चौरस फुटाचा दर आणि नकाशावरचं अंतर पाहतात. माझ्या मते आधी रूळ पाहावेत. सीएसएमटीपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, बदलापूर ६८. फरक फक्त १४ किलोमीटरचा. पण कसारा आणि कर्जत हे फाटे कल्याणलाच फुटतात, त्यामुळे दोन्हीकडच्या गाड्या तिथे मिळतात, पुढे त्या विभागल्या जातात. पश्चिमेला विरारचंही तसंच. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जाते खरी, पण विरारच्या पुढे ती फार विरळ आहे. तिथे एक गाडी चुकणं फार महागात पडतं.

लांबच्या घराचा हप्ता कमी बसतो, हा आक्षेप खोटा नाही. तंग पगारात तोच निर्णायक ठरतो. पण रोजचा एक तास वाढला, तर वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांत २५० तास जातात, म्हणजे आठ तासांच्या एकतीस पाळ्या. हप्ता पगारवाढीबरोबर हलका होत जातो, प्रवास होत नाही. नवी मार्गिका येणार, असं बिल्डर सांगतो; ती येईलही, पण हप्ता आजपासून सुरू होतो. म्हणून टोकन देण्याआधी कामाच्या दिवशी सकाळी आठला त्याच स्टेशनवरून जाऊन पाहावं. इमारतीपासून स्टेशनपर्यंतची शेअर रिक्षा आणि रात्रीची शेवटची लोकलही तपासावी.