तयार रोटिसरी चिकन : गिऱ्हाईक काय म्हणते?

म्हणजे काय? सळईला ओवून, फिरवत फिरवत सबंध भाजलेली कोंबडी. सुटणारी चरबी अंगावरच ओघळत राहते, त्यामुळे कातडी खरपूस होते आणि मांस कोरडे पडत नाही.

अमेरिकेतील प्रसार : १९८५ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन येथे अशी कोंबडी विकणारे ‘बॉस्टन चिकन’ हे उपाहारगृह निघाले, पुढे तेच ‘बॉस्टन मार्केट’. आज अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या सुपरमार्केटांत ही कोंबडी गरमागरम मिळते.

वाखाणणी भावाची : ‘कॉस्टको’ या अमेरिकी दुकानसाखळीत सुमारे ३ पौंडांची (१.३६ किलो) कोंबडी ४.९९ डॉलरला. २००९ पासून भाव तोच. तो टिकवण्यासाठी २०१९ मध्ये कंपनीने नेब्रास्कातील फ्रीमाँट येथे स्वतःचा कोंबडी-प्रक्रिया कारखानाच उभारला. पुष्कळदा कच्ची सबंध कोंबडी याहून महाग पडते! कामावरून परतणाऱ्यांना आयते जेवण मिळते, हे वाखाणणीचे दुसरे कारण.

तक्रारी : मीठ जास्त, ही नेहमीची. भाजण्याआधी मांसात सुयांनी मिठाचे पाणी भरतात. ओलावा टिकावा म्हणून बऱ्याच ठिकाणी त्यात फॉस्फेटही असते. काहींना याच प्रक्रियेमुळे छातीचे मांस रबरासारखे लागते. २०२४ मध्ये ‘कॉस्टको’ने प्लास्टिक वाचवण्यासाठी कडक डबा सोडून पिशवी आणली; रस गाडीत, फ्रिजमध्ये गळतो म्हणून अनेक ग्राहक वैतागले.

घरी आणल्यावर : दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावी, ३-४ दिवसांत संपवावी. पुन्हा तापवताना आतले तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोचू द्यावे. उरलेल्या हाडांचे सूप उत्तम होते. मात्र त्यात वरून मीठ चाखूनच घालावे.