ना भिंत, ना तटबंदी, तरी उभा राहिला भडकल दरवाजा. संभाजीनगरच्या वेशीची ४०० वर्षांची गोष्ट

छत्रपती संभाजीनगर : घाटीत पेशंट घेऊन येणारा जिल्ह्यातला माणूस भडकल गेट एकदा तरी बघतोच. रिक्षावाल्याला पत्ता सांगायला हे नाव कामाला येतं. पण हा दरवाजा कोणी आणि कशाला बांधला, हे विचारलं तर बहुतेक जण "औरंगजेबाने" म्हणून मोकळे होतात. ते चूक आहे. औरंगजेबाचा जन्म १६१८ चा. भडकल दरवाजा त्याच्या सहा वर्षं आधी, १६१२ साली उभा राहिला, आणि तोही मोगलांना हरवल्याची खूण म्हणून.

बांधणारा होता मलिक अंबर. आफ्रिकेतल्या इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला. १६१० साली त्याने खडकी या गावाच्या जागी राजधानीचं शहर वसवायला घेतलं. पाणी आणलं ते जमिनीखालच्या नहरीने. जमिनीचा कस बघून सारा ठरवण्याची त्याची पद्धत शेतकऱ्यांच्या दृष्टीने तर लढायांपेक्षा मोठं काम म्हणावं लागेल, पण तो विषय वेगळा.

आता खरी गंमत इथे आहे. दरवाजा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तटबंदी येते. रात्री बंद व्हायचा, सकाळी उघडायचा, शत्रू आला की अडसर टाकायचा. भडकल दरवाजा बांधला तेव्हा शहराभोवती आजची भिंतच नव्हती. ती आली १६८२ मध्ये, म्हणजे तब्बल ७० वर्षांनी. मग नुसता दरवाजा कशाला? तर तो अडवण्यासाठी नव्हताच, दाखवण्यासाठी होता. जाडजूड दगडी खांब, त्यावर उंच कमानी. टेकाडावर मलिक अंबरचा नौखंडा महाल होता आणि त्याची वाट या दरवाजातून जायची. वर नौबत झडायची. येणाऱ्याला खाली उभं राहिल्यावरच कळायचं, की इथला धनी कोण आहे आणि त्याने कोणाला हरवलंय.

आजही हेच चालतं. गावोगावी वेशीवर सिमेंटच्या स्वागत कमानी उभ्या राहतात, त्यांना कुठे भिंत असते? दोन्ही बाजूंनी बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी असते. तरी कमान लागतेच.

मलिक अंबरला या विजयाचा आनंद फार दिवस मिळाला नाही. १६१६ मध्ये मोगल फौजेने त्याचा पराभव केला आणि खडकी लुटून जाळली. दरवाजा मात्र राहिला. मलिक अंबरने शहर पुन्हा उभं केलं. १६२६ ला तो वारला, त्याची कबर खुलताबादला आहे. मुलगा फत्तेखान याने शहराचं नाव फत्तेनगर केलं, पुढे १६५३ मध्ये औरंगजेबाने औरंगाबाद केलं. नावं बदलत गेली, भडकल तिथेच.

औरंगजेबाने १६८२ मध्ये जी भिंत घातली, ती मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने. त्या भिंतीतले दरवाजे मात्र खरे राखणीचे. त्यांची नावं म्हणजे त्या काळचे रस्त्याचे बोर्डच. उत्तरेला दिल्ली दरवाजा, दक्षिणेला पैठण, पूर्वेला जालना आणि पश्चिमेला मक्केच्या दिशेचा म्हणून मक्का, ज्याला आपण मकई गेट म्हणतो. पैठणकडच्या माणसाला पैठण गेट म्हणजे कपड्यांची खरेदी एवढंच माहीत, पण पैठणची वाट तिथूनच निघायची म्हणून ते नाव.

५२ दरवाजांचं शहर अशी ओळख अजून सांगितली जाते. आज त्यातले मोजकेच उरलेत. काही पडले, काही रस्ता रुंद करायला पाडले. स्मार्ट सिटीच्या कामात काही दरवाजांची डागडुजी झाली, ती बरी झाली. पण मकई आणि बारापुल्ला या दरवाजांच्या पोटातून वर्षानुवर्षं गाड्या नेल्या गेल्या. हत्ती-घोड्यांच्या हिशेबाने ठेवलेल्या वाटेत दोन मोठी वाहनं समोरासमोर आली की एकाला मागे सरावं लागायचं. धक्का लागायचा तो दगडाला आणि चुन्याला. चुन्याचा जुना दर्जा सिमेंट थापून येत नाही, उलट सिमेंट ओल आत कोंडतं आणि दगड आणखी झिजतो.

भडकल दरवाजाजवळ आता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरला तालुक्या-तालुक्यातून माणसं अभिवादनाला इथे येतात. गुलामीतून वर आलेल्या माणसाने बांधलेल्या दरवाजासमोर हा पुतळा असावा, हा योगायोग असेल. पण त्या गर्दीतल्या किती जणांना मलिक अंबरचं नाव ठाऊक आहे, हा प्रश्न पडतो. पुढच्या वेळी घाटीत काम निघालं तर पाच मिनिटं थांबून कमानीखालून वर बघा. नौबत वाजायची ती जागा तिथेच वर आहे.