ओळखीच्या शब्दांचा घोटाळा

२२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, मातृभाषेचे माध्यम आणि हाताने करायच्या उत्पादक कामाला मध्यवर्ती स्थान, असे ठराव तिने केले. इंग्रजीत या योजनेला ‘बेसिक एज्युकेशन’ म्हणतात. येथे ‘बेसिक’ म्हणजे पायाभूत. रसायनशास्त्राच्या तासाला मात्र ‘बेसिक ऑक्साइड’ म्हणजे आम्लारिधर्मी ऑक्साइड. शब्द एकच, अर्थ दोन.

आज राज्यातील अनेक मराठी शाळांत विज्ञान व गणित सेमी-इंग्रजी पद्धतीने, म्हणजे इंग्रजीतून शिकवले जाते. ‘फोटोसिंथेसिस’सारखा लांबलचक शब्द मुलांना अवघड जाईल असे आपल्याला वाटते. पण तो शब्द नवा असल्याने मुले त्याचा अर्थ विचारतात. घोटाळा होतो तो ओळखीच्या शब्दांचा. कारण तेथे कोणी प्रश्नच विचारत नाही.

‘वर्क’ हा शब्द घेऊ. कापसाचे २० किलोचे गाठोडे जमिनीवरून १.५ मीटर उंच उचलून डोक्यावर घेतले, तर गुरुत्वाविरुद्ध २० × ९.८ × १.५ = २९४ ज्यूल ‘वर्क’ झाले. नंतर ते गाठोडे घेऊन तासभर नुसते उभे राहिले, तर त्या तासातले ‘वर्क’ शून्य! कापूस वेचणाऱ्या आईला पाहिलेल्या मुलाला हे कसे पटावे? मराठीत ‘काम’ आणि ‘कार्य’ असे दोन शब्द आहेत. काम झाले, कष्टही झाले, कारण स्नायूंनी ऊर्जा खर्च केली; पण गाठोड्याचे विस्थापन झाले नाही, म्हणून कार्य शून्य. एवढे सांगितले की मुलाचा अनुभवही खरा ठरतो आणि सूत्रही.

‘सेल’चे तसेच. १६६५ साली रॉबर्ट हूक यांनी बुचाच्या पातळ कापात दिसलेल्या कप्प्यांना हे नाव दिले. जीवशास्त्रात ती पेशी, विजेच्या पाठात तो घट, तुरुंगात कोठडी. त्यात देवनागरीत लिहिताना दुकानातला ‘सेल’ही याच रांगेत येऊन बसतो.

‘पॉवर’ तर तीन पाठांत भेटते. शेतातल्या ५ अश्वशक्तीच्या पंपाची पॉवर सुमारे ३७३० वॅट असते. ५० सेंटिमीटर नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगाची पॉवर २ डायॉप्टर. गणितात २ चा घात ३ म्हणजे ८. तेथे पॉवरला एककच नाही. एकक पाहिले की अर्थ उलगडतो.

अर्थात मराठी शब्द वापरला की सारे आपोआप सुटते असे नाही. पंपाची शक्ती आणि भिंगाची शक्ती यांना आपणही एकच शब्द वापरतो. झाडाला मूळ असते, तसे संख्येला वर्गमूळ.

म्हणून वर्गात एक तक्ता लावावा. त्यात चार रकाने असावेत: इंग्रजी शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, मराठी संज्ञा आणि एकक. ‘मास’, ‘चार्ज’, ‘सोल्यूशन’, ‘प्लांट’ यांपासून सुरुवात करता येईल. भर मुलांनीच घालावी. परीक्षेत ‘वर्क’चे सूत्र बरोबर लिहिणाऱ्या मुलाला ते खरोखर समजले आहे का, हे आपल्याला त्या तक्त्यावरून कळेल.