कापू नका तो सायलेन्सर!

जळकोट-उदगीर रस्त्यानं यामाहाची आरएक्स १०० गेली की मान वळणारच. पण याच गाडीबद्दल आपल्याकडं एक गैरसमज घट्ट रुतून बसलाय. मागून सायलेन्सर कापला की गाडी सुसाट पळते म्हणे! कापल्यावर आवाज वाढतो, हे खरं. ताकद मात्र घटते. आरएक्ससारख्या टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबायचा डबा नव्हे. पिस्टन, ब्लॉक, कार्बोरेटर यांच्याइतकाच तो इंजिनाचा अवयव आहे. ताकद वाढवायची असेल तर पहिला अभ्यास त्याचाच करायचा.

आवाज जातो आणि परत येतो

अशा छोट्या टू-स्ट्रोकला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह नसतात. ब्लॉकच्या भिंतीत खिडक्या असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं. पिस्टन खाली-वर होताना त्या उघडतो आणि झाकतो. अडचण अशी की जळका धूर बाहेर पडताना ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण आत येत असतं आणि त्यातलं थोडं धुराबरोबर निसटून सायलेन्सरच्या पाइपात जातं. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला ठिणगी पडते, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांना एकदा. तरीही टू-स्ट्रोकची ताकद दुप्पट होत नाही, त्याचं एक मोठं कारण ही गळती.

इथं पाइप कामाला येतो. एक्झॉस्ट पोर्ट उघडला की दाबाची एक लाट पाइपातून धावत सुटते. पाइप पुढं रुंद होत जातो तेव्हा लाटेचा एक भाग उलट फिरतो आणि सिलिंडरातला उरलासुरला धूर ओढून काढतो. मग पाइप उलट्या शंकूसारखा पुन्हा निमुळता होतो. तिथं आपटून लाट परत फिरते आणि पोर्ट बंद व्हायच्या आत, निसटलेलं मिश्रण सिलिंडरात ढकलते. जत्रेच्या गर्दीत एसटीचा कंडक्टर दारात लोंबकळणाऱ्यांना आत रेटून मग दार लावतो, अगदी तसं.

आता आकडे बघा. आरएक्स १०० ची ११ एचपी मिळते ७५०० आरपीएमला. म्हणजे एका फेऱ्याला ८ मिलिसेकंद. त्यातला अंदाजे अर्धा वेळ, ४ मिलिसेकंद, एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतो. गरम धुरात लाट सेकंदाला साधारण ५०० मीटर धावते, तेव्हा ४ मिलिसेकंदात तिचा प्रवास होतो २ मीटर. एक मीटर जायला, एक मीटर यायला. म्हणून या चालीसाठी पोर्टपासून उलट्या शंकूपर्यंतचं अंतर सुमारे एक मीटर लागतं. पाइप आखूड केला तर लाट लवकर परतते आणि तिचा नेम वरच्या आरपीएमला बसतो, खालचा पिकअप मरतो. लांब केला तर उलट. आणि मागचा शंकूच कापला तर लाट परत येतच नाही, मिश्रण धुराबरोबर जातं आणि पेट्रोलही जास्त लागतं.

टू-स्ट्रोक ठरावीक आरपीएमला एकदम पेटून का उठते, त्याचंही उत्तर हेच. त्या चालीला लाट बरोबर वेळेवर पोचते.

रॉकेटवाला इंजिनिअर आणि कारच्या डिकीतलं कुटुंब

पाइपाची ही विद्या पूर्णत्वाला नेली पूर्व जर्मनीच्या वॉल्टर काडेननं. दुसऱ्या महायुद्धात तो पेनेम्युंडेच्या रॉकेट केंद्रात अस्त्रांच्या कामावर होता. युद्धानंतर एमझेड या मोटारसायकल कंपनीच्या रेसिंग विभागात आला. पैसा तुटपुंजा, सामान जेमतेम. तरीही १९६१ पर्यंत त्यानं १२५ सीसीच्या इंजिनातून २५ एचपी काढली. लिटरमागं २०० एचपी! टर्बो किंवा सुपरचार्जरशिवाय तोवर कुणालाच हे जमलं नव्हतं.

त्याच वर्षी त्याचा रेसर एर्न्स्ट डेगनर जागतिक विजेतेपदाच्या उंबरठ्यावर असताना स्वीडनच्या शर्यतीतून पश्चिमेकडं पळून गेला. बायकामुलांना त्याच सुमारास कारच्या डिकीत लपवून सरहद्द पार करून दिली होती. डेगनरनं काडेनचं तंत्र सुझुकीच्या हवाली केलं आणि १९६२ साली सुझुकीवर बसून ५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. पुढं १९७५ पासून २००१ पर्यंत ५०० सीसीच्या जागतिक शर्यतीत टू-स्ट्रोकचंच राज्य होतं. काडेन मात्र एमझेडमध्येच राहिला. जपानी टू-स्ट्रोक रेसिंगची मुळं त्याच्या त्या छोट्या कार्यशाळेत आहेत आणि त्याचं नाव आपल्याकडच्या गॅरेजात भिंतीवर असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बॅन्शी आणि राजदूत: चुलत भावंडं

आता टू-स्ट्रोकच्याच दुसऱ्या रूपाकडं, एटीव्हीकडं वळू. चार जाड टायर, हँडल, वर घोड्यासारखं बसायचं, असं हे मातीतलं वाहन. टू-स्ट्रोक एटीव्हीत सगळ्यात गाजलेलं नाव यामाहा बॅन्शी. १९८७ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ती जवळपास वीस वर्षं विकली गेली आणि वाळूच्या टेकड्यांवर तिचं इंजिन सुधारणं हा हजारोंचा छंद झाला. तिचं इंजिन ३४७ सीसीचं, दोन सिलिंडरांचं, बोअर ६४ मिमी, स्ट्रोक ५४ मिमी.

हे आकडे ओळखीचे वाटले का? आपल्या राजदूत ३५० चे हेच! एस्कॉर्ट्सनं १९८३ साली आणलेली ती गाडी यामाहा आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती. बॅन्शी हवेऐवजी पाण्यानं थंड होते आणि आरडीच्या पुढच्या पिढीतून आली, पण घराणं एकच.

राजदूतची गंमत पुढं आहे. मूळ आरडी ३५० ची ताकद ३९ एचपी. भारतात मायलेजसाठी ती आधी ३०.५ एचपीवर आणली, नंतर २७ वर. तीच बोअर, तोच स्ट्रोक. म्हणून राजदूत ३५० सुधारणाऱ्या मिस्त्रीचं पहिलं काम असतं कंपनीनं काढून घेतलेली ताकद परत देणं.

एटीव्ही आपल्या रस्त्यावर चालत नाही, ती शेतात किंवा बंद मैदानावर. अपवाद बघायचा तर पोलारिस कंपनीनं आपली एक एटीव्ही भारतात चक्क ट्रॅक्टर म्हणून मंजूर करून घेतली आणि रस्त्यावर उतरवली!

कानशीचा एक मिलिमीटर

पोर्टिंग म्हणजे खिडक्यांचा आकार बदलणं. साधन असतं कानस नाही तर हातातलं ग्राइंडर. किती घासायचं? आरएक्स १०० चा स्ट्रोक ५० मिमी. एक्झॉस्ट पोर्टची वरची कड फक्त १ मिमी वर नेली, तर पोर्ट उघडा राहण्याचा काळ साडेचार अंशांच्या आसपास वाढतो. एवढ्यानं ताकदीचा पट्टा वरच्या आरपीएमकडं सरकतो. रेसच्या मैदानावर हे मस्त, पण चिखलात बैलगाडीच्या वाटेनं दुधाचे कॅन न्यायचे असतील तर डोकेदुखी. शिवाय घासलेलं लोखंड परत चिकटवता येत नाही. चांगला मिस्त्री आधी कागदाचा छापा काढतो, ब्लॉकमध्ये गुंडाळून खुणा करतो, मग पाव-पाव मिमीनं पुढं सरकतो. घासून झालं की कडा गोल करतो, कारण धारदार कडेत अडकून पिस्टनची रिंग तुटते.

बोअर करून ताकद वाढते, हा दुसरा लाडका समज. ५० मिमीचा बोअर ५१ केला तर ९८ सीसीचे होतात १०२. जेमतेम ४ टक्के. ओव्हरसाइज पिस्टन झिजलेला ब्लॉक वाचवायला असतो, ताकदीसाठी नव्हे.

हेड घासून कॉम्प्रेशन वाढवणं जास्त उपयोगी, पण पिस्टन वर आल्यावर त्याच्या आणि हेडच्या कडेमध्ये जी फट उरते ती मोजल्याशिवाय हात लावू नये. सोल्डरच्या तारेचा तुकडा प्लगच्या भोकातून कडेपर्यंत सारायचा, इंजिन एकदा हातानं फिरवायचं आणि चेपलेली तार व्हर्निअरनं मोजायची. छोट्या इंजिनाला एक मिमीच्या आसपास फट बरी. फारच कमी झाली तर वरच्या आरपीएमला पिस्टन हेडला शिवतो.

माझं मत विचाराल तर आजच्या बहुतेक आरएक्सना यातलं काहीच आधी नको. क्रँकची ऑइल सील गळत असतात. टू-स्ट्रोकमध्ये मिश्रण आधी पिस्टनखाली, क्रँककेसमध्ये येतं, म्हणून ती पेटी हवाबंद लागते. दोन्ही तोंडं बंद करून पंपानं ६ पीएसआय हवा भरायची. काटा काही मिनिटांत उतरला तर आधी सील बदला. पहिल्यांदा त्या अकराच्या अकरा एचपी परत मिळवा, मग बाराव्याची भाषा.

जास्त ऑइल घातलं आणि इंजिन चिकटलं

हे वाचून दचकाल. ज्या इंजिनात टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळून घालतात, त्यात ऑइल गरजेपेक्षा वाढवलं तर मिश्रण पातळ होतं! कारण सरळ आहे. कार्बोरेटरच्या जेटच्या भोकातून ठरावीक द्रव जातो. त्यात ऑइलचा वाटा वाढला की पेट्रोलचा घटतो. पेट्रोल कमी म्हणजे जळण गरम आणि गरम झालं की पिस्टन फुगून चिकटतो. 

खरं काय चाललंय ते प्लग सांगतो. मोकळ्या रस्त्यावर जोरात चालवून, क्लच दाबून इंजिन तिथंच बंद करायचं आणि प्लग काढून बघायचा. बदामी-कॉफी रंग असेल तर सगळं ठीक. काळा, ओला असेल तर पेट्रोल जास्त. पांढराफटक दिसला तर गाडी ढकलत घरी न्या आणि मोठा जेट टाका.

यात अलीकडं नवी भर पडलीय, ती २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलची. उसापासून आणि धान्यापासून इथेनॉल निघतं, तेव्हा मराठवाड्याच्या ऊस पट्ट्याचा त्यात हात आहेच. पण एक किलो पेट्रोल जाळायला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलोच पुरते. म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त हवं. जुन्या जेटवर जुनी टू-स्ट्रोक पातळ चालते. जेट एक-दोन नंबरनं वाढवावा लागतो. पाइप आणि पोर्ट बदललेल्या इंजिनात तर लागतोच लागतो. चांगली बाजू अशी की इथेनॉलमुळं ऑक्टेन वाढतो, त्यामुळं वाढवलेलं कॉम्प्रेशन इंजिनाला थोडं जास्त मानवतं.

वाळूजची टू-स्ट्रोक, जहाजाची टू-स्ट्रोक

टू-स्ट्रोकच्या कहाणीत मराठवाड्याचं पानही आहे. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ साली सुरू झाला, पायाभरणीनंतर अवघ्या १६ महिन्यांत. पुढच्याच वर्षी बजाजनं टू-स्ट्रोक एम-८० बाजारात आणली, जिच्यावर दूध, कडबा आणि तिघं एकदम बसायचे. त्याआधी १९७२ साली फिरोदियांच्या कायनेटिकची ५० सीसीची लूना आली होती. तीही टू-स्ट्रोक, पेट्रोल संपलं तर पायडल मारायची.

आणि छोट्या गाड्यांचंच हे इंजिन, असं कुणी म्हणालं तर त्याला जहाज दाखवा. ‘एम्मा मर्स्क’ या मालवाहू जहाजाचं १४ सिलिंडरांचं डिझेल इंजिन टू-स्ट्रोकच आहे. त्याच्या पिस्टनचा व्यास ९६ सेंटिमीटर, स्ट्रोक अडीच मीटर, ताकद एक लाख एचपीच्या वर. फिरतं मात्र मिनिटाला शंभरएक फेऱ्यांनीच.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. रस्त्यावरच्या गाडीत पाइप, पोर्ट यांचे वर सांगितलेले बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला धरून नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. हौस मैदानात भागवा आणि ताकद वाढवण्याआधी ब्रेक शू नवे टाका.

जळकोटच्या शिवारात टू-स्ट्रोकचा आवाज आता सगळ्यात जास्त ऐकू येतो तो सोयाबीनच्या फवारणीत आणि तण कापायच्या मशिनवर. पाठीवरच्या त्या पेट्रोलवर चालणाऱ्या फवारणी पंपालाही ऑइल-इंधनाबद्दलचं वरचं सगळं लागू आहे. ऑइलचं प्रमाण कंपनीनं टाकीवर छापलंय तेवढंच, अंदाजानं ओतायचं नाही. धुराच्या नळीतली काजळी हंगामात एकदा तरी खरवडायची, कारण ती साचली की पंपाचा जोर जातो आणि आपण उगाच कार्बोरेटरच्या मागं लागतो. फवारणी संपली की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. कार्बोरेटरमध्ये राहिलेलं इथेनॉलचं पेट्रोल ओल धरतं आणि पुढच्या पावसाळ्यात दोरी ओढून हात दुखला तरी पंप सुरू होत नाही.