तबकडीविना साठवण

मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याच्या लालबर्रा या तहसिलीच्या गावी समर्थन मूल्याने, म्हणजे हमीभावाने, धान विकण्यासाठीची नोंदणी, खसऱ्याची, म्हणजे महाराष्ट्रातील सातबाऱ्याच्या भाऊबंदाची, नक्कल आणि समग्र आयडी या राज्याच्या रहिवासी-ओळखक्रमांकातील दुरुस्ती ही कामे आता संगणकावर होतात. आणि जुना संगणक रेंगाळतो तेव्हा दोष बहुधा त्याच्या प्रोसेसरचा नसतो, तर माहिती साठवणाऱ्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, बसवली की तेच यंत्र चपळ का होते आणि त्या बदल्यात कोणती काळजी वाढते, हे समजण्यासाठी दोन्ही साधनांची अंतर्रचना पाहावी लागते.

आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्वांवर मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आकार आणि क्षमता पुढे पार बदलली, पण तत्त्व तेच राहिले: चुंबकीय लेप दिलेली तबकडी फिरते आणि तिच्यावर तरंगणारे वाचनशीर्ष हव्या त्या जागी सरकते. मिनिटाला ५,४०० फेरे घेणाऱ्या तबकडीची एक फेरी सुमारे ११ मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजारांश भागांत, पूर्ण होते. त्यामुळे हवी ती नोंद शीर्षाखाली येण्यास सरासरी अर्धी फेरी आणि शीर्ष सरकण्याचा वेळ, असे मिळून दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. एका वाचनासाठी ही वाट काहीच नाही. परंतु संगणक सुरू होताना विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचल्या जातात, आणि तिथे हीच वाट मिनिटांत मोजावी लागते.

एसएसडीत फिरणारा किंवा सरकणारा भागच नसतो. तोशिबा कंपनीतील फुजियो मासुओका यांनी १९८७ साली मांडलेल्या नँड फ्लॅश या रचनेत प्रत्येक सूक्ष्म कप्प्यात, विद्युतरोधक थरांनी वेढलेल्या जागी, इलेक्ट्रॉन अडकवून ठेवले जातात आणि त्यांच्या कमीअधिक संख्येवरून माहिती वाचली जाते. वीज गेली तरी ते बराच काळ तिथेच राहतात. कोणत्याही कप्प्यापर्यंत पोहोचण्यास मिलिसेकंदाचा दहावा भाग किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. जाहिरातींत सेकंदाला ५५० मेगाबाइटसारखे आकडे ठळक छापले जातात, परंतु साध्या वापरकर्त्याला जाणवणारा खरा लाभ या शोधण्याच्या वेळेतील बचतीचा आहे. शिवाय आवाज नाही, वीज कमी लागते आणि लॅपटॉप बसच्या धक्क्यांत हादरला तरी तबकडीवर शीर्ष आदळण्याची भीती नाही. जुन्या संगणकावर खर्च करायचाच असेल, तर बहुतेक वेळा तो प्रथम येथेच करणे शहाणपणाचे ठरते.

तोट्यांपैकी झिजेची चर्चा सर्वाधिक होते, आणि ती काहीशी अतिरंजित आहे. प्रत्येक लेखन-पुसणीत रोधक थर किंचित खराब होतो हे खरे, आणि एका कप्प्यात एकाऐवजी तीन-चार बिट कोंबणाऱ्या स्वस्त प्रकारांत ही मर्यादा लवकर येते हेही खरे. पण ड्राइव्हमधील नियंत्रक चिप लेखनाचा भार सर्व कप्प्यांवर सारखा वाटते. ५०० गिगाबाइटच्या ड्राइव्हला ३०० टेराबाइट लेखनाची हमी असेल आणि रोज २० गिगाबाइट लिहिले गेले, तर ती मर्यादा गाठण्यास चाळीस वर्षे लागतील.

अधिक गंभीर प्रश्न उष्णतेचा आहे. अडकलेले इलेक्ट्रॉन हळूहळू निसटतात आणि तापमान वाढले की निसटण्याचा वेगही वाढतो. ठरवून दिलेले लेखन पूर्ण झालेल्या घरगुती ड्राइव्हने विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा जेडेक या संस्थेच्या प्रमाणकात आहे. नवी ड्राइव्ह याहून पुष्कळ अधिक काळ माहिती जपते. तथापि बालाघाटच्या मे महिन्यात, पारा ४० अंशांपुढे असताना, पत्र्याच्या छपराखालील कपाटात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या झिजलेल्या एसएसडीवर लग्नाची छायाचित्रे किंवा जमिनीचे कागद सोपवणे धोक्याचेच आहे.

वीज अवचित गेली तर लेखनाच्या मध्यावर असलेली माहिती, आणि क्वचित कोणती नोंद कुठे आहे हे सांगणारा नियंत्रकाचा तक्ता, बिघडू शकतो. सर्व्हरसाठीच्या महाग ड्राइव्हमध्ये तेवढा क्षण निभावणारे कपॅसिटर असतात, स्वस्तांत बहुधा नसतात, म्हणून यूपीएस हवाच. हार्ड डिस्क मरण्यापूर्वी अनेकदा खडखडते, एसएसडी मात्र बहुधा मुकाट्याने बंद पडते. पुसलेली फाइल परत मिळवणेही तिच्यात कठीण, कारण ट्रिम या आज्ञेनंतर नियंत्रक तो भाग पुढील लेखनासाठी रिकामा करून टाकतो.

म्हणून धान खळ्यावर मळले जाते आणि साठवले कोठीत जाते, तशीच विभागणी इथे सोयीची आहे: रोजचे काम एसएसडीवर आणि दर टेराबाइटला स्वस्त पडणाऱ्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर त्याची प्रत. प्रत एसएसडीवरच ठेवायची असेल, तर ती घरातील थंड खोलीत असावी आणि दर पावसाळ्याच्या सुरुवातीला, उन्हाळा उलटताच, संगणकाला जोडून तिच्यावरील फाइली वाचून पाहाव्यात.